पुतण्याने दार उघडलं नसतं तर

या वर्षी थंडी पडली आणि मला एका जागी बसवेना झालं. नागपूरची थंडी पायांतून चढते. सकाळी फरशीवर अनवाणी पाऊल पडलं की कॅलेंडर बघावं लागत नाही. मग लोक गच्चीत खुर्च्या नेतात, पाठीवर ऊन घेत तुरीच्या शेंगा सोलतात, कठड्यावरून शेजारच्यांशी बोलतात. मीही खुर्ची नेते. बसते. लगेच उठते. गच्चीत असले की घरात काहीतरी राहिलंय असं वाटतं आणि घरात आले की वरचं ऊन वाया चाललंय असं. परवा दूध उतू गेलं तेव्हा मी गॅसपाशीच उभी होते.

"आई, तू बघत होतीस ना दुधाकडे?" मुक्ता म्हणाली.

बघत होते. दिसत नव्हतं.

मुक्ता माझी मुलगी, वीस वर्षांची. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. 'आहे' म्हणावं की 'होती' म्हणावं, तेच ठरायचं आहे. आम्हाला न सांगता तिने पुण्यातल्या एका संस्थेची परीक्षा दिली आणि चित्रपटांचं संकलन शिकायला तिथे तिला जागा मिळाली. जानेवारीत जायचं, तर इथलं कॉलेज सोडायचं. तिचे बाबा बदलीवर चंद्रपूरला असतात. ते फोनवर म्हणाले, "तू म्हणशील तसं." त्यांना वाटलं असेल, बायकोला मान दिला. मला वाटलं, हातात दगड दिला. मी मुक्ताला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. आम्ही एकत्र जेवतो, हसतो, गाद्या उन्हात टाकतो, आणि रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालावा तसा त्या विषयाला वळसा घालून चालतो.

तिची तयारी मात्र चालूच आहे. पहिल्या दिवशी येताना एक निबंध लिहून आणायचा आहे: एकच गोष्ट वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी कशी सांगितली. मुक्ताने नाताळची ती गोष्ट निवडली. ती लहान असताना दर डिसेंबरात मीच तिला सांगायची.

गोष्ट तशी जगाला ठाऊक आहे. धुक्याने भरलेल्या शहरात एक एकलकोंडा, कडवट म्हातारा राहतो. त्याचा पुतण्या दर नाताळला त्याला जेवायला बोलावतो आणि म्हातारा दर वर्षी त्याला हाकलून देतो. नाताळच्या आदल्या रात्री तीन भुतं येतात. एक त्याला झालेलं दाखवतं, दुसरं चाललेलं आणि तिसरं होणारं. सकाळी म्हातारा उठतो तो वेगळाच माणूस होऊन, आणि त्याच दिवशी पुतण्याच्या दारात जाऊन उभा राहतो. एवढीच गोष्ट. पण सिनेमावाल्यांना तिने झपाटलंय. जुने, नवे, बोलके, गाण्यांचे, चित्रांचे, किती सिनेमे निघाले याला गणती नाही.

"मी थोडे निवडलेत," मुक्ता म्हणाली. "रोज संध्याकाळी एक पाहू. बसशील ना माझ्यासोबत?"

बसले. बसायचा प्रयत्न केला. पहिल्याच संध्याकाळी तिने काळापांढरा सिनेमा लावला, पडद्यावर धुकं पसरलं, आणि मी आमच्या धरमपेठच्या फ्लॅटमधून उठून थेट माझ्या माहेरच्या, इंदोऱ्याच्या गल्लीत पोचले.

तो माझा बारावीचा हिवाळा. गल्लीच्या तोंडाशी साळवे मॅडमचं घर होतं. मॅडम शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आमच्या सगळ्या बौद्ध घरांत त्यांचं एकच ख्रिस्ती घर. डिसेंबर लागला की त्यांच्या ओसरीवर कागदी चांदणी लागायची आणि आत करंज्यांचं सारण भाजल्याचा वास सुटायचा. मी संध्याकाळी त्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायची. मॅडमकडे टीव्ही होता, व्हीसीआर होता आणि त्या गोष्टीच्या सिनेमांच्या कॅसेट होत्या. व्याकरणाच्या पुस्तकाला हात न लावता त्या म्हणायच्या, "एकच गोष्ट वेगवेगळी माणसं सांगताहेत. कोण कुठे खोटं बोलतंय ते शोध आणि इंग्रजीत लिही."

आमच्या घरात मात्र त्या हिवाळ्यात कोणी फारसं बोलत नव्हतं. माझे बाबा कळमेश्वरला एका कारखान्यात फिटर होते. छप्पन साली आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी दीक्षेचा तो दिवस पाहिला होता. आठवत काही नव्हतं, पण सांगताना आवाज असा भरून यायचा की आठवतंय असंच वाटावं. आजोबांनी त्यांना शिकवायचा पण केला होता. दहावीनंतर तो परिस्थितीने मोडला. मग बाबांनी तोच पण माझ्या मोठ्या बहिणीवर लावला. ताई आमच्या घरातली विज्ञान शाखेला गेलेली पहिली मुलगी. ती कॉलेजला निघाली की बाबा तिच्या सायकलची हवा स्वतः पाहायचे.

आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, परीक्षा तोंडावर असताना ताईने लग्न केलं. प्रकाश काटोलकडचा, शेतकरी कुटुंबातला, नागपूरबाहेरच्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होता. त्याच्या घरच्यांनीही दार लावून घेतलं, म्हणून दोघं वाडीलाच भाड्याच्या खोलीत राहू लागले. परीक्षेला ताई बसलीच नाही.

"जातीचं मले काही नाही," बाबा आईला म्हणाले होते. "पेपर देऊन गेली असती तं मीच हार घातले असते. तिनं माया बापाचं स्वप्न मोडलं." त्यानंतर ताईचं नाव घरात निघालं नाही. एकदा कारखान्यातले एक गृहस्थ घरी आले. त्यांनी सहज विचारलं, "मुलं किती?" बाबा म्हणाले, "एक मुलगी." मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. ती एक मुलगी मी. कोणाला असं एकुलतं व्हायला आवडेल? चहा देताना माझ्या हातून बशीत सांडला आणि बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

थंडीत अंधार लवकर पडतो, म्हणून शिकवणीवरून मला न्यायला बाबा यायचे. बाहेर उभे राहून खाकरायचे. एका संध्याकाळी सिनेमा संपायचा होता. मॅडम म्हणाल्या, "या ना भाऊ, आत बसा. थोडाच राहिलाय." पडद्यावर एक भूत साखळ्या ओढत चाललं होतं.

"मॅडम, आपल्याकडं भुतंबितं मानत नाईत," बाबा उंबऱ्यातूनच म्हणाले.

"भूत नका मानू, भाऊ. भूतकाळ तर मानता ना?"

बाबांनी एकवार पडद्याकडे पाहिलं. मग चपला काढून आत आले आणि भिंतीला टेकून खाली बसले.

तो काळापांढरा सिनेमा. कॅसेट इतकी वापरलेली की म्हाताऱ्याच्या तोंडावरून सारख्या आडव्या रेघा सरकायच्या. तो दिग्दर्शक सावल्यांचा भोक्ता होता. त्याने स्मशानाचा प्रसंग लांबवत नेला होता: वारा, वाळकी झाडं, दगडावर कोरलेलं स्वतःचं नाव आणि गुडघे टेकून ओरडणारा म्हातारा. मग सकाळ. पुतण्याचं घर तर त्याने घाईने उरकलं. दार उघडतं, पुतण्या मिठी मारतो, संपलं. बाबांना इंग्रजी कळत नव्हतं. मॅडम मधूनमधून मराठीत सांगत होत्या.

"भेला म्हातारा," बाबा म्हणाले. "सोताचं मढं पाहून भेला. भेणं म्हंजे बदलणं नव्हे."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हे लिही. इंग्रजीत लिही हे वाक्य."

दुसऱ्या आठवड्यात रंगीत, गाण्यांचा सिनेमा होता. बाबा या वेळी खाकरले नाहीत, सरळ आत आले. त्या सिनेमात म्हातारा उठतो तो गातच उठतो. रस्ताभर नाचतो, त्याच्यामागे शहर नाचतं, आणि ती सगळी वरात पुतण्याच्या घरात शिरते. दार कुठे होतं हेसुद्धा कळत नाही. बाबा हसत सुटले. ताई गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"हा तं नाचूनच राहिला बाप्पा! अन् पुतण्याच्या बायकोले कोणी इचारलं का, एवढे लोक जेवाले आणून राहिलो म्हणून?"

मॅडमही हसल्या. हसता हसता मी मनात म्हटलं, कोणी विचारलं का? गोष्टीत सगळे म्हाताऱ्याच्या मागे. त्याला काय दिसलं, त्याला काय वाटलं, त्याला रडू कधी आलं. ज्याला वर्षानुवर्षं हाकलून दिलं, त्या पुतण्याला कोणी काही विचारत नाही. त्याने फक्त दार उघडायचं आणि आनंदी दिसायचं.

तिसरी कॅसेट मॅडमनी धरमपेठच्या एका लायब्ररीतून भाड्याने आणली. टीव्हीसाठी केलेला, साधा, कमी बोलणारा सिनेमा. त्यात भुतं फार भ्यायला लावत नाहीत. म्हाताऱ्याचं बालपण मात्र सावकाश दाखवलेलं: सुट्टीत सगळी मुलं घरी गेलेली आणि रिकाम्या वर्गात एकटा बसून राहिलेला तो. आणि मग शेवटी दार. या सिनेमात म्हातारा पुतण्याच्या दारापाशी येतो, टोपी काढतो, पुन्हा घालतो. पायरी चढतो. परत उतरतो. रस्त्याने जाणारे त्याच्याकडे बघतात. हात वर नेतो, पण कडी वाजवत नाही. मग कुठे वाजवतो. दार पुतण्याची बायको उघडते. तिच्या हातात वाढायचं भांडं असतं. ती त्याच्याकडे पाहते, आत पाहते, पुन्हा त्याच्याकडे पाहते. तेवढा वेळ कॅमेरा म्हाताऱ्याच्या तोंडावर असतो.

"मॅडम, जरा मागं घ्या," बाबा म्हणाले.

मॅडमनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा टोपी, पुन्हा पायरी.

"आणखी एकदा."

तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर बाबांनी पडद्यावरच्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, "पुतण्यानं दार उघडलं नसतं तं?"

"पुस्तकात उघडलंय, भाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या.

"पुस्तकात," बाबा म्हणाले आणि उठले.

नाताळच्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सकाळी मॅडमकडून करंज्यांचं ताट आलं. खाऊन झाल्यावर बाबा मला म्हणाले, "चाल वं, संत्री घेऊन येऊ." संत्री आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीभर मिळायची. बाबांनी मात्र स्कूटर काढली. आई दारात आली, तिने माझ्या डोक्याला स्कार्फ घट्ट बांधला.

स्कूटर अमरावती रोडला लागली तेव्हा मला कळलं. थंड वाऱ्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी बाबांच्या पाठीआड तोंड लपवलं होतं. विद्यापीठ मागे पडलं, ट्रक वाढू लागले. वाडीला बाबांनी एका गाडीवरून संत्री घेतली, एकेक दाबून पाहून. मग गोदामांच्या रांगेसमोर स्कूटर उभी केली. पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची चाळ होती.

"तू इथंच राहा," म्हणाले आणि पिशवी घेऊन ट्रकांच्या मधून पलीकडे गेले.

मी स्कूटरपाशी उभी. पहिल्याच खोलीच्या दारापाशी ते थांबले. दार वाजवायला वेळ लावला नाही. त्या सिनेमातल्या म्हाताऱ्यापेक्षा माझे बाबा धीट होते. दार उघडलं. ताई होती. कॉलेजला जाताना घालायची तोच विटकरी स्वेटर अंगात. बाबा काहीतरी बोलले. ताई काहीतरी बोलली. मधून ट्रक जात होते. एक गेला की दोघं दिसायची, दुसरा आला की झाकली जायची. हॉर्न, ब्रेकचे आवाज, हमालांच्या हाका. मला एक शब्दही ऐकू येत नव्हता. मी ओरडून हाक मारावी का? रस्ता ओलांडून जावं का? मी स्कूटरचं हँडल धरून ठेवलं. एक लांब ट्रक गेला, आणि तो गेल्यावर दार बंद होतं. बाबा दाराकडे तोंड करून उभे होते.

मग वळले. रस्ता ओलांडून आले. पिशवी हातातच होती.

"घरी नव्हती," मला म्हणाले.

मी पाहिलं होतं. त्यांना माहीत होतं की मी पाहिलं आहे. मी म्हटलं, "बरं."

परत येताना फुटाळ्यापाशी त्यांनी स्कूटर थांबवली. तलावाच्या कठड्यावर आम्ही दोघं बसलो. बाबांनी एक संत्रं सोललं, फोडींवरचे धागे एकेक करून काढले आणि मला दिलं. दुसरं सोललं, तेही मला दिलं. स्वतः एकही फोड खाल्ली नाही.

त्या हिवाळ्यात आणखी काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं, कारण माझी परीक्षा होती आणि मी पुस्तकात डोकं घालून बसलेली असायची. पुढच्या रविवारी बाबा स्कूटर घेऊन गेले. आईने विचारलं, "कुठं चालले?" तर म्हणाले, "कळमेश्वरले. ओव्हरटाइम हाये." रविवारी कारखाना बंद असतो हे आईला ठाऊक होतं. तिने डब्यात मेथीचे पराठे भरून दिले, एका माणसाला लागतात त्याहून जास्त. नंतरच्या रविवारी पुन्हा. मी खिडकीतून बघायची, येताना हातात पिशवी आहे का. दर वेळी असायची. मग एका रविवारी नव्हती. डबाही धुतलेला आला. आईने तो उघडून पाहिला, नाकाशी नेला, आणि पदराने डोळे पुसून कामाला लागली.

जयंतीच्या दिवशी ताई आणि प्रकाश घरी आले. पांढऱ्या साडीत ताई विहारात आमच्यासोबत उभी होती आणि बाबा ओळखीच्यांना सांगत होते, "ही मोठी. वाडीले राहते." बस एवढंच. कोणी रडलं नाही, कोणी पाया पडलं नाही. ताईने पुढे बी.एस्सी. कधीच पूर्ण केली नाही. तिने वाडीत ड्रायव्हर लोकांसाठी खानावळ काढली आणि ती चांगली चालली. पण बाबांना तो काटा जन्मभर राहिला. माझ्या पदवीच्या फोटोकडे बघतानासुद्धा ते एक उसासा सोडायचे, आणि तो माझ्यासाठी नसायचा. बाबा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्या दारात काय बोलणं झालं ते मी त्यांना विचारलं नाही. ताईलाही नाही. जखम भरली असेल तर खपली कशाला काढा, असं म्हणत राहिले. खरं म्हणजे मला भीती वाटायची की उत्तर फार साधं निघेल.

मी आता स्वतः ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते. माणूस एका रात्रीत बदलतो का, हा प्रश्न मी वर्गात विचारते आणि मुलं हौसेने हात वर करतात. बदलतो, असंच सगळ्यांचं म्हणणं. विहारात लहानपणी आम्ही त्या दरोडेखोराची गोष्ट ऐकायचो, जो शस्त्र टाकून भिक्खू झाला. पण गोष्ट तिथे संपत नव्हती. भंतेजी पुढचंही सांगायचे: तो भिक्षेला गावात गेला तेव्हा लोकांनी त्याला दगड मारले आणि त्याने ते खाल्ले. लहानपणी मला तो भाग आवडायचा नाही. बदलला ना तो, मग का मारता? आता वाटतं, ज्यांच्या घरातली माणसं गेली होती, त्यांनी काय करावं? त्यांना कोणी आदल्या रात्री काही दाखवलं नव्हतं.

मुक्ताबरोबर ते सिनेमे पुन्हा पाहताना मी सगळ्यांत दारच शोधत होते. गाण्यांचा सिनेमा आता मला हसवेना. काळापांढरा अजून सुंदर वाटला, पण बाबा बरोबर होते, त्यातला म्हातारा भ्यालेला आहे. लहान मुलांसाठी चित्रांत केलेला एक नवा सिनेमा तिने लावला. त्यात म्हातारा धुराड्यांवरून उडतो, आणि पुतण्याच्या घरी पोचेपर्यंत पडद्यावर नावंच यायला लागतात. टीव्हीवाला तो साधा सिनेमाही तिने शोधून काढला. दाराच्या प्रसंगाला मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"आई, हाच भाग महत्त्वाचा आहे, आणि तू प्रत्येक वेळी उठतेस."

"भाजी लागतेय."

"भाजी झालीये. गॅस बंद आहे."

ती चिडली नव्हती. ती मला बघत होती, सिनेमा बघावा तशी. नुसतं पाहूनच ही मुलगी कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं ते ओळखते. तेवढ्यासाठी पुण्याला जायची काय गरज, असं मनात आलं. आणि लगेच दुसरं मनात आलं, की तिच्या नजरेची किंमत फक्त आईने ओळखून तिचं भागणार आहे का?

रविवारी दुपारी ताई आली. ताई आता पन्नाशीची. गुडघे दुखतात, पण वाडीहून बसनेच येते आणि आल्या आल्या हातपाय धुऊन भाजी निवडायला घेते. मुक्ताने शेवटचा सिनेमा लावला. तो सगळ्यांत जुना, मुका. जेमतेम काही मिनिटांचा. माणसं तुरुतुरु चालतात, तोंडं हलतात, आवाज नाही. मधूनमधून पडद्यावर लिहिलेली पाटी येते तेवढंच कळतं. ताई मेथीची पानं खुडत बघत होती.

म्हातारा पुतण्याच्या दारात आला. दार उघडलं. पुतण्या उभा. म्हाताऱ्याचं तोंड हललं, पुतण्याचं तोंड हललं. पाटी आली नाही.

"काय बोलले असतील?" मुक्ता म्हणाली. "हे इथेच पाटी द्यायची ना! एवढं मोठं वाक्य, आणि हेच ऐकू नाही येत."

मी उभी होते. या वेळी स्वयंपाकघरात गेले नाही. "ताई," मी म्हटलं, "त्या नाताळला बाबा तुझ्या दारात आले होते. मी पलीकडे स्कूटरपाशी होते. ट्रक जात होते. तू काय म्हणालीस त्यांना?"

ताईने मान वर केली. "तू होती तिथं?"

"होते."

"मले दिसली नाही वं. त्यांनी बी कधी सांगितलं नाही." तिने हातातली काडी खाली ठेवली. मुक्ताने लॅपटॉपवर सिनेमा थांबवला.

"पहिले तेच बोलले," ताई म्हणाली. "म्हणे, संत्री आणली. मी म्हटलं, बाबा, चुकलं म्हणून आले, का करमत नाही म्हणून आले? मले वाटलं चिडतीन. चिडले नाही. बराच वेळ इचार केला अन् म्हणे, 'मले समजून नाही राहिलं.' तुले सांगतो, त्याचाच राग आला मले. दुसरा बाप असता तं खोटं बोलला असता, चुकलं म्हणाला असता. मी म्हटलं, मंग समजलं का येजा. अन् दार लावलं."

"मग?" मुक्ताने विचारलं.

"मंग काय, पुढच्या रविवारी हजर. मी इचारलं, समजलं? म्हणे, 'नाही अजून.' मी दार लावलं. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. 'समजलं?' 'नाही अजून.' प्रकाश आतून म्हणे, अवं घे ना घरात, थंडी हाये. मी नाही घेतलं. मग एक दिवस मलेच हसू आलं. त्यांनी तोंडच असं केलं होतं, पेपरात कठीण गणित आल्यासारखं. म्हटलं, या आत, चहा घ्या, बसून इचार करा."

मी खाली बसले. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा नीट बसले.

"शेवटी समजलं का त्यांना?" मुक्ता म्हणाली.

"कुठं समजलं! दवाखान्यात होते तेव्हा बी मले म्हणाले, परीक्षा द्यायले पाहिजे होती तू. मी म्हटलं, बाबा, आता तरी सोडा. म्हणे, सोडत नाही." ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "पण रविवार नाही चुकवला त्या माणसानं. मी रागात असो का खुशीत, पाणी असो का ऊन. आले, बसले, चहा पेले, गेले. माया पोराले पहाडे त्यांनीच शिकवले."

ती पुन्हा भाजी निवडू लागली. मुक्ता आपल्या निबंधात काही लिहीत नव्हती. तिने लॅपटॉपचा पडदा खाली केला होता आणि ती माझ्याकडे बघत होती. या वेळी सिनेमा बघावा तशी नव्हे. लहानपणी शाळेच्या फाटकात मला उशीर झाला की बघायची तशी.

संध्याकाळी ताईला बसमध्ये बसवून आम्ही दोघी चालत परत आलो. बाजारात नाताळची गर्दी होती, दुकानांवर दिव्यांच्या माळा होत्या. घराच्या पायऱ्या चढताना मी थांबले.

"मुक्ता, इंजिनिअरिंग सोडायचं, हे मला पटलेलं नाही."

ती एक पायरी वर होती. तिथेच थांबली. "माहीत आहे मला."

"पटेल असंही वाटत नाही. पुढेही मी बोलून दाखवीन. तुझ्या बाबांनाही सांगेन की मला पटलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली.

"पण तुझं तिकीट काढशील तेव्हा दोन काढ. मी सोडायला येतेय. खोली बघीन, तुझी संस्था बघीन, तिथल्या शिक्षकांना भेटीन. आणि नंतरही येत राहीन, तुला नको असलं तरी."

मुक्ता वरच्या पायरीवर बसली, भर जिन्यात, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या वाटेत, आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. वरच्या मजल्यावरचे काका पिशव्या घेऊन वर येत होते. त्यांना वाट द्यायला आम्ही दोघी एकमेकींकडे सरकलो.